अर्धी घासलेली अंगठी

अंगठी घ्यायला आम्ही चौघं गेलो होतो आणि चौघांच्या मनात चार अंगठ्या होत्या. त्याच्या आईंना फुलाची हवी होती, मधे खडा आणि भोवती पाकळ्या. त्याच्या मावशींना जड हवी होती, उद्या मोडायची वेळ आली तर सोनं निघेल अशी. त्याला काय हवं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि मला अशी हवी होती, की जी घातल्यावर कुणी माझा हात धरून उलटासुलटा करून बघणार नाही. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या हातांकडे कुणी बघत नाही, पुस्तकाकडे बघतात. त्याची मला सवय आहे आणि ती आवडते.

तो अकोल्याचा. पाटबंधारे खात्यात होता, नेमणूक दर्यापूरला. घर जठारपेठेच्या मागच्या अंगाला. आमची सोयरीक घरच्यांनीच जुळवली होती. पहिल्या भेटीत दोन्हीकडचे लोक आम्हाला बाल्कनीत सोडून आत बसले, तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, ''तुमच्या लायब्ररीत झोपलं तं चालते काय?'' मी म्हटलं, घोरलं नाही तर चालतं. तो म्हणाला, ''मंग जमलं.'' एवढंच ते बोलणं.

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. पूर्वी मुलीच्या बोटाचं माप दोऱ्यानं न्यायचे आणि अंगठी तिला थेट साक्षगंधाच्या दिवशी दिसायची. आता मुलीला दुकानात नेतात. पसंती तिची असते, म्हणजे तिच्यासमोर पसंत केलेल्या वस्तूला तिनं मान हलवायची असते. आमच्या दोन्ही बौद्ध घरांत मुहूर्त बघत नाहीत, सुट्टी बघतात. तेव्हा सुट्टी बघून, एप्रिलच्या उन्हात, मी अमरावतीहून बसनं अकोल्याला गेले आणि आम्ही सराफ्यातल्या एका दुकानात शिरलो. आत गारवा होता. मावशी खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, ''अंगठी नाई घेतली तरी चालन. पण ऊन उतरेपर्यंत इथंच बसू.''

मालकांनी मखमलीच्या पाटावर एकेक करून बऱ्याच अंगठ्या ठेवल्या. सगळ्या गोल हिऱ्यांच्या. वरच्या दिव्याखाली त्या इतक्या लखलखत होत्या, की काही वेळानं मला एक आणि दुसरी यातला फरक कळेना. त्याच्या आई प्रत्येक अंगठी माझ्या बोटात घालून हात लांब धरायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि काढायच्या. तो कंटाळून पलीकडच्या काउंटरपाशी गेला. तिथं मालकांची मुलगी एक खण आवरत बसली होती. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली. ''ग्रंथपाल बाई, इकडं या न. हे पाहा.''

हिरा चौकोनी होता, चारी कोपरे छाटलेले. वरचा भाग सपाट, आरशाच्या तुकड्यासारखा. सरळ वरून बघितलं की आत पायऱ्या दिसत होत्या. चारी बाजूंनी उतरत, लहान लहान होत, खाली कुठंतरी मिळणाऱ्या. भोवती सोन्याच्या बारीक दाण्यांची ओळ होती, कडेनं वेलबुट्टीच्या खाचा होत्या आणि त्या खाचांत काळसर झाक भरलेली होती.

मुलगी म्हणाली, ''शंभर वर्षांपूर्वी अशा घडवायचे. मोठ्या शहरांत आता पुन्हा मागणी आहे. मी सुरतेला शिकून आले तेव्हा नमुना म्हणून केली होती. इथं कुणी घेत नाही, पडून आहे.''

''चमकत काहून नाई?'' त्यानं विचारलं.

''गोल हिरा उजेड फोडायला घडवतात. हा तसा नाही. यात उजेडाचा एखादा पट्टा उघडतो, मिटतो. आणि यात डाग लपत नाही. गोल हिऱ्यात चमकेखाली काहीही खपून जातं. असा घडवायचा तर खडा आतून स्वच्छच लागतो.''

तो डोळा जवळ नेऊन बघत राहिला. मग म्हणाला, ''बारव हाय हे. पाणी लय खाली गेलेली.'' दिवसभर लोकांच्या विहिरी बघत फिरणाऱ्या माणसाला हिऱ्यात दुसरं काय दिसणार? मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, ''तुयासारखी हाय. बडबड नाई करत.''

तोवर त्याच्या आई आल्या. त्यांनी चष्मा वर करून अंगठी डोळ्यांशी नेली, मग खाचेत नख घालून खरवडलं आणि नखाकडे बघितलं.

''हे तं वापरलेली हाय.''

''नाही काकू, नवी आहे. ही घडणच अशी असते. मुद्दाम काळी झाक देतात, नक्षी उठून दिसावी म्हणून.''

''मंग हे खणात काहून होती? बाकीच्या बाहेर मांडल्या, हेच आत काहून? मळ हाय हा बाई. कोण्या तरी बाईच्या हातचा मळ हाय.''

मुलगी हसली. तिथं तिचं चुकलं.

''हासू नको. मेलेल्या बाईची हाय का टाकलेल्या बाईची, तुले तरी काय मालूम? लोक आणून मोडते, तुमी घासून इकता. कोणाच्या हातून उतरलेली अंगठी माया सुनेच्या हातात नाई घालाची म्या.''

मालक कागद घेऊन आले, सोन्यावरचा शिक्का भिंगातून दाखवू लागले. त्याच्या आईंनी भिंगाकडे बघितलंसुद्धा नाही. ''कागद तं जमिनीचेही नवे करते लोक,'' त्या म्हणाल्या.

''आई,'' तो म्हणाला, ''आपण मानतो काय हे सगळं? बाबांनी आईकलं तं काय म्हणतीन?''

बाबा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त शिक्षक. साऱ्या हयातीत त्यांनी घरात लिंबू-मिरची, उतारा, नजर यातलं काही येऊ दिलं नव्हतं आणि वस्तीतही त्याच्याविरुद्ध बोलत आले होते. त्यांचं नाव काढल्यावर त्याच्या आईंनी ते नख पदराला पुसलं.

''मानत नाई म्या,'' त्या म्हणाल्या. ''पण मानलं नाई म्हणून मळ मळ नाई राहत काय?''

मालकांनी कागदाची घडी घातली. मला एवढंच दिसत होतं, की अंगठी आता परत खणात जाणार आणि माझ्या बोटात पाकळ्या येणार. मी म्हणाले, ''मला ही आवडली.'' त्या दुकानात शिरल्यापासून मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल. त्याच्या आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शेल्फवरच्या पुस्तकानं तोंड उघडलं असावं. मग म्हणाल्या, ''आवडली तं घे बाई. तुले वागवाची हाय.''

बोटात घातल्यावर ती सैल होती, चांगलीच. मुलगी म्हणाली, लहान करता येणार नाही, नक्षी पूर्ण फिरलेली आहे, कापली की तुटेल. हे ऐकून त्याच्या आईंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला. ''राहू दे सैल. लग्नानंतर अंग भरते पोरीचं.'' मावशींनी री ओढली, ''भरते म्हंजे? माह्या तं कापून काढा लागल्या.'' लेकरांना दोन बोटं मोठे बूट घेतात, तसा तो व्यवहार झाला. मला भविष्यातल्या एका जाड बाईची अंगठी मिळाली.

अंगठी रीतीप्रमाणे त्यांच्याकडेच राहिली, साक्षगंधापर्यंत. आणि तिथं जे झालं ते मला साक्षगंधाच्या दिवशी त्याच्या बाबांनी हसत हसत सांगितलं. त्याच्या आईंनी चिंचेच्या कोळात अंगठी भिजत घातली, मग रिठ्याचं पाणी घेतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि न्हाणीत पाटावर बसून त्या बाईचा मळ काढायला सुरुवात केली. जी बाई कधी जन्माला आलीच नव्हती, तिचा. खाचांतली काळी झाक निघू लागली तसा त्यांना आपला संशय खराच वाटला असणार. अर्धी झाली होती तेवढ्यात तो दर्यापूरहून आला आणि त्यानं ती हातातून ओढून घेतली. तेव्हा एका अंगानं लखलखीत पिवळी आणि दुसऱ्या अंगानं काळसर अशी ती अंगठी अमरावतीच्या हॉलमध्ये माझ्या बोटात आली. त्रिशरण-पंचशील झालं, टाळ्या झाल्या, पेढे झाले. माझ्या आत्यानं हात धरून उलटासुलटा करून बघितलाच. ''हे असं अर्धं काहून हाय वं?'' तो शेजारी उभा होता. त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ''दोन ऋतू हायेत आत्या. उन्हाळा आन पावसाळा.''

घासलेली बाजू तळहाताकडे ठेव, असं त्यानं मला सुचवलं होतं. पण सैल अंगठी ठेवली तशी कुठली राहते? ती फिरायची. हिरा तळहातात जायचा, पुस्तकाच्या पानाला अडकायचा. एका शनिवारी मी दर्यापूरला गेले तेव्हा त्यानं स्टँडाजवळच्या शिंप्याकडून दोरा मागून घेतला. शिंप्याकडे जांभळाच होता. रसवंतीच्या बाकड्यावर बसून त्यानं अंगठीच्या खालच्या अंगाला तो दोरा इतका घट्ट आणि नीट गुंडाळला, की मी त्याला विचारलं, हे कुठं शिकलास? म्हणाला, ''आईच्या सगळ्या अंगठ्याले म्याच गुंडाळत होतो. तिचंही अंग भरलंच नाई कधी.''

त्याच्या आईंना मी तोवर आई म्हणू लागले होते. साक्षगंधाच्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, ''काकू-बिकू बंद आता.''

पावसाळ्यात त्याला ताप आला. साधाच वाटला. मग अंगावर लाल ठिपके आले, मग अकोल्याला दवाखाना, मग अतिदक्षता विभाग. हे सारं इतक्या भराभर झालं, की मी बस बदलत पोचले तेव्हा तो काचेच्या आत होता. आत जायला घरच्यांचे दोन पास होते, एक त्याच्या आईंकडे आणि एक धाकट्या भावाकडे. दारावरच्या माणसानं मला विचारलं, ''पेशंटच्या कोण तुमी?''

मी म्हटलं, साक्षगंध झालंय आमचं.

''म्हंजे घरच्या नाई.''

मी त्याला हात दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन कुणाला तरी ती अंगठी दाखवली. त्यानं बघितली, आणि वाईट माणूस नव्हता तो, हळूच म्हणाला, ''बाई, दागिना पाहून नाई सोडता येत आमाले.''

भावानं नंतर त्याचा पास मला दिला. पण त्या वेळी आत डॉक्टरांची फेरी चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरोघरचे डबे दवाखान्यात येत होते त्या वेळी, तो गेला. मी जिन्यात होते. त्याच्या आईंचा आवाज ऐकून मला कळलं.

पेपरात छोटी बातमी आली. फोटो साक्षगंधाचाच होता, माझ्या बाजूनं कापलेला. त्याच्या खांद्यावर माझ्या साडीचा काठ थोडासा राहून गेला होता. खाली लिहिलं होतं, त्यांच्या पश्चात आई, वडील, एक भाऊ असा परिवार आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काहीच नव्हती. माझं नातं भविष्यकाळातलं होतं आणि पश्चात हा शब्द भविष्यकाळाला लागत नाही. विधवेला लोक निदान एक जागा देतात, मग ती जागा कितीही वाईट असो. लोक तिच्यापाशी येऊन बसतात, तिला पाणी देतात, जेव म्हणतात. मला रजेच्या अर्जात कारण काय लिहावं हेही सुचलं नाही. शेवटी प्रकृती अस्वास्थ्य लिहिलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरी होते त्या वंदनेला, मी गेले. बायकांत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, ''तुमी त्याच्या ऑफिसातल्या काय?'' मी हो म्हणाले. दुसरं काय सांगायचं? सांगायला लागलं तर ती सगळी गोष्ट सांगावी लागली असती आणि ती सांगायचा अधिकार माझा आहे की नाही याची मलाच खात्री नव्हती. मी अंगठीचा हात पदराखाली घेतला.

नंतर पाणी प्यायला म्हणून आतल्या खोलीकडे गेले, तेव्हा त्याच्या आई दोन-तीन बायकांना सांगत होत्या. ''म्या दुकानातच म्हणलं होतं. मेलेल्या बाईच्या हातची हाय. म्या इतकी घासली, इतकी घासली, तरी नाई गेलं ते.'' त्याचे बाबा दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते आता काहीतरी बोलतील म्हणून. साऱ्या हयातीत दुसऱ्यांच्या ओट्यावर उभं राहून ते बोलले होते. आज घरात बोलायची पाळी होती. ते चष्मा पुसत बाहेर निघून गेले. मुलगा गेलेल्या माणसाकडून मी काय मागत होते, असं कुणी म्हणेल. मी एक वाक्य मागत होते. ते त्यांना येत होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा मावशी अमरावतीला आल्या, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत त्याला आमच्याकडून गेलेली अंगठी, सुटाचं कापड, घड्याळ. सोयरीक मोडली की दिलं-घेतलं परत करतात, तशी रीत आहे. आमची सोयरीक कुणी मोडली नव्हती. पण मरणासाठी वेगळी रीत नाही, म्हणून त्यांनी मोडण्याचीच लावली.

मावशींनी एकेक वस्तू टीपॉयवर मांडली आणि मग रिकाम्या पिशवीची घडी घालत बसल्या. त्यांना मागायचं जिवावर आलं होतं, हे दिसत होतं. माझ्या आईनंच सुरुवात केली. ''दे बाई काढून,'' ती मला म्हणाली.

''मला ठेवायची आहे,'' मी म्हणाले.

''ठेवून काय करतं? उद्या दुसरं स्थळ आलं, तं लोक इचारतीन कोणाची हाय. काय सांगशीन?''

''त्याची आहे म्हणून सांगीन.''

''आन मंग ते चहा पिऊन चालले जातीन.''

मावशी खाली मान घालून म्हणाल्या, ''ताईले नोको वाटते बेटा. ते अंगठी बाहेर हाय तोपर्यंत तिले झोप नाई येणार.''

मला वाटलं होतं, आई माझ्या बाजूनं असेल. ती होती माझ्याच बाजूनं. फक्त ती बाजू पुढे कुठंतरी होती, जिथं मी अजून पोचले नव्हते. मी अंगठी काढली. मावशींनी ती उलटी करून बघितली, दोऱ्याचा गुंडाळा बघितला आणि आईकडे कात्री मागितली. तो जांभळा दोरा त्यांनी आमच्या टीपॉयवरच कापून काढला. तो उचलून मी पुस्तकात जपून ठेवला, असं इथं लिहिता आलं असतं. पण ठेवला नाही. मी आतल्या खोलीत गेले होते आणि बाहेर आले तोवर तो केरात गेला होता.

निघताना मावशी म्हणाल्या, ''काकूले फोन करत जाय मधून मधून.'' काकू. म्हणजे तेही परत घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र मला त्यानंतर धीर देत राहिली. त्या अंगठीला त्याच्या आई इतक्या भ्यायल्या होत्या, तेव्हा त्यांनी ती नक्की मोडली असणार. सोनं आटलं असेल, हिरा कुठल्या तरी डबीत गेला असेल. दुसऱ्या कुणाच्या बोटात ती कधी जाणार नाही. त्या बाईंच्या भीतीनं का होईना, माझी वस्तू माझ्यापाशीच संपली, असं मी मनाशी धरून चालले होते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या बाबांचा फोन आला. धाकट्याचं साक्षगंध ठरलं होतं, मुलगी पातूरची. ''ये बेटा,'' ते म्हणाले. ''तू आलीस तं बरं वाटन मले.'' त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी नाही म्हणू शकले नाही. तेव्हा मी तीच बस धरली आणि अकोल्याला गेले.

हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले. शेजारी पातूरकडची एक म्हातारी बाई होती, पायातली चप्पल काढून खुर्चीवर मांडी घालून बसलेली. समोर वंदना झाली. मुलामुलीनं अंगठ्या घातल्या. इतक्या लांबून काही दिसलं नाही. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मुलगी गोड होती, अंगानं भरलेली, सारखी हसणारी. थोड्या वेळानं ती खाली उतरली आणि बायकांच्या रांगांतून हात पुढे करून अंगठी दाखवत येऊ लागली. त्याच्या आई तिच्या मागोमाग होत्या, पेढ्यांचं ताट घेऊन. कौतुक ऐकत, प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवत.

ती माझ्यापाशी आली आणि तिनं हात माझ्यासमोर धरला. चौकोनी हिरा. छाटलेले कोपरे. भोवती दाण्यांची ओळ. एका अंगानं पिवळी, दुसऱ्या अंगानं काळी.

त्याच्या आईंनी तेव्हा मला बघितलं. मग त्या मुलीला म्हणाल्या, ''हे अमरावतीची हाय. आपल्या ओळखीतली.''

''नमस्कार ताई,'' मुलगी म्हणाली. ''कशी वाटली?''

''छान आहे.''

''हो न? पह्यले मले वाटलं, जुनी हाय का काय. तं आई म्हणे, नाई वं, खास सांगून बनवली. अशीच फॅशन हाय म्हणे आता, अर्धी काळी आन अर्धी पिवळी.''

मी त्याच्या आईंकडे बघितलं. दुकानात, एका कोऱ्या अंगठीत, त्यांना कुठल्या तरी मेलेल्या बाईचा हात दिसला होता. आज ती खरोखरच एका बोटातून उतरवलेली होती. ते बोट समोर होतं, जिवंत होतं, पेढ्यासाठी पुढे आलेलं होतं. आणि आज त्यांना काही दिसत नव्हतं. भीती नव्हतीच मग ती कधी? की होती, आणि ती फक्त मला लावायला पुरली, तेवढीच होती?

''सैल नाही होत?'' मी मुलीला विचारलं.

''नाई ना. बराबर बसली. जशी मायाच मापानं केली.''

''मला सैल होत होती,'' मी म्हणाले. ''दोरा गुंडाळावा लागायचा.''

आवाज मी चढवला नव्हता. लायब्ररीत बोलते तेवढाच होता. पण पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.

''काय बोलून राहिली बाई तू?'' त्याच्या आई पुटपुटल्या. ''आज तरी...''

''ही पिवळी बाजू आहे ना, ती काकूंनी घासली होती,'' मी मुलीलाच सांगितलं. ''चिंचेनं. पुरी व्हायच्या आत त्यानं ओढून घेतली, म्हणून अर्धी राहिली.''

मुलीनं विचारलं नाही, तो म्हणजे कोण. समोर स्टेजवर, प्रतिमांच्या शेजारी, हार घातलेला त्याचा फोटो होता. तिनं एकदा तिकडे बघितलं. मग तिच्या अंगठ्यानं ती अंगठी आपसूक फिरवायला बघितली. ती फिरली नाही, घट्ट होती.

शेजारची म्हातारी माझ्याकडे वाकली. ''म्हंजे तू थोरल्याची...?''

''हो,'' मी म्हणाले.

''अरे बाप्पा,'' ती म्हणाली. तिनं मांडी मोडली, खुर्ची सरकवून माझ्याजवळ घेतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ''अरे बाप्पा. आन तुले कोणी काई इचारलं नाई काय वं पोरी?'' इतक्या दिवसांत माझ्या दुखवट्याला आलेली ती पहिली आणि एकटी बाई. तिची माझी ओळखही नव्हती.

त्याच्या आई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते मुलासाठी होतं की चारचौघांसाठी, ते मला सांगता येणार नाही. त्याला मी एकटीनंच गमावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. या मुलीचा तर काडीचाही दोष नव्हता. तेही माहीत होतं. तरी मी बोलले ते परत घेतलं नाही. आजवर परत करण्याचं काम पुष्कळ केलं होतं.

तेवढ्यात स्टेजवरून हाक आली आणि मुलगी वर गेली. मुलाशेजारी उभी राहिली. डावा हात तिनं उजव्या हाताखाली धरला होता. फोटोग्राफरनं दोन-तीनदा कॅमेरा खाली घेतला, मग ओरडला, ''ताई, हात वर घ्या न! अंगठी येऊनच नाई राहिली फोटोत.''

तिनं हात वर घेतला. बोटं पसरली. हसलीसुद्धा, पण कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. ती मागच्या रांगेत माझ्याकडे बघत होती. म्हातारीचा हात माझ्या पाठीवर होता. मी नजर खाली केली नाही.